आखूड काठीचा जावई

आमच्या घरात माणसं जमिनीवर झोपायची आणि काठी छपराखाली, खुंट्यांवर, ऐसपैस. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गळाची काठी. चिवारीच्या बांबूची, पोलादपूरच्या वरच्या डोंगरात स्वतः निवडून तोडलेली, चुलीच्या धुरात कित्येक दिवस टांगून पक्की केलेली, आणि अधूनमधून उंडीचं तेल पाजलेली. आईच्या केसांना खोबरेल नसलं तर आठवडाभर नसायचं, पण काठीचं तेल कधी चुकलं नाही. लांबीला ती इतकी की बाहेर काढायची तर एकानं शेंडा धरून अंगणात उलटं चालत जायचं आणि दुसऱ्यानं बुडखा धरून माजघरातून मागोमाग यायचं. मधे कुणी जेवायला बसलेलं असेल तर त्यानं मान खाली घालायची. अण्णा काठी घेऊन निघाले की घरातली सगळी माणसं वाकायची, आणि अण्णांना ते आवडायचं असा माझा पक्का समज आहे.

आमची वाडी महाडहून पोलादपूरला जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठाशी. नदी तिथं एका काळ्या कातळाला अडून वळते आणि वळणावर खोल पाणी साचतं. त्याला आम्ही कोंड म्हणायचो. कोंडीत रोहू असे, कटला असे, मृगळ असे. मोठ्या खवल्यांचे, तोंडात दात नसलेले, चाखत चाखत खाणारे मासे. त्यांना लावायला नाचणीच्या पिठाचा गोळा मळायचा, त्यात गुळाचा खडा कुस्करायचा. हा गोळा आई मळायची. भाकरीचं पीठ बाजूला ठेवून आधी माशाचं पीठ मळायचं, अशी आमच्याकडची रीत होती. मासा मिळालाच तर साफ आईनंच करायचा, चिखलाचा वास जावा म्हणून चिंचेच्या कोळात भिजवायचा, त्रिफळं ठेचून कालवण करायचं. आणि जेवताना अण्णा काय म्हणायचे? "काठीनं काढला." कालवण कुणी केलं, हे काठीला ठाऊक असावं.

अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे काका, मुंबईला एका कारखान्यात होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. एका शिमग्याला ते पिशवीतून एक काठी घेऊन आले. फायबरची, तुकड्यातुकड्यांनी जोडायची, माणसापेक्षा जेमतेम उंच, आणि बुडाला रीळ. रिळाला हात लावला की कर्र आवाज यायचा. वाडीतली निम्मी माणसं तो आवाज ऐकायला आमच्या अंगणात जमली. माकड नाचवायला आणलं असतं तरी एवढी गर्दी झाली नसती. अण्णा तेवढे ओटीवर बसून राहिले आणि दुसरीकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरात लांब काठी बरी की आखूड, यावर जे तोंड सुटलं ते कित्येक वर्षं मिटलं नाही. दोघे भाऊ जेवायला बसले की पहिल्या घासालाच सुरू. "दादा, तुझी ही काठी हाय का गुढीचा बांबू?" असं काका म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "तुझी तं पिशवीत मावते. पिशवीत मावते ती भाजी, तिला काठी म्हनत नायत." मग तात्त्विक भाग यायचा. अण्णांचं म्हणणं, मासा चरायला कडेलाच येतो. काठी लांब असली की आपण मागं झाडीत दडून बसावं, सावली पाण्यात पडत नाही, आणि गळ अगदी जवळ, मुळांच्या पोटाखाली अलगद सोडता येतो. रीळवाला फेकतो लांब, मधल्या धारेत, आणि तिथं मासा राहत नाही, तिथून तो नुसता जातो. काकांचं म्हणणं, मोठा कटला मधेच असतो. "आनि तो लागला तं तू काय करशील? तुझा तंगूस काठीएवढा. त्यानं ओढ मारली की एक तं तंगूस तुटंल, नायतं तू पान्यात." तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. काका तो सरसर सोडून मासा दमवायचे आणि मग पुन्हा गुंडाळून घ्यायचे. अण्णांना हे लबाडीचं वाटायचं. दमवून धरायचा तर माणसात आणि मुंबईच्या मुकादमात फरक काय, असं ते विचारायचे.

दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, आणि तोंड बंद ठेवून बघणाऱ्या कुणालाही ते दिसत होतं. उघड्या कातळावर उभं राहायचं असेल तर आखूड काठी आणि रीळ बरं. करंजाच्या झाडाखाली बसून कडेचा मासा घ्यायचा असेल तर लांब काठी बरी. नदीला दोन काठ असतात आणि दोन्हीकडे मासे असतात, एवढं कळायला पुरुषांना एक जन्म पुरत नाही. परवा काकांचा मुलगा दिलीप मुंबईहून आला. आता तोही पिकलेला, पण गाडीच्या टपावर नळकांड्यात काठ्या. मला म्हणाला, "अक्का, बारा फुटी लाँग कास्टला, नऊ फुटी झाडीत बसायला, आणि ही मधली सेफ साइड." चार तास उन्हात बसून त्यानं एक रोहू काढला, त्याला मांडीवर घेऊन फोटो काढला, त्याच्या ओठाला औषध लावलं आणि परत पाण्यात सोडून दिला. मी घरी कोकम भिजत घातलं होतं. सोडायचाच होता तर त्या बिचाऱ्याला चहाला बोलावलं होतंस का, असं मी विचारलं, तर मोठ्यानं हसला. लांब की आखूड हे त्याला बापाकडून मिळालं. मासा खायचा असतो, हे मात्र मधेच कुठंतरी गळालं.

पण अण्णांच्या काठीत नुसता मासा नव्हता, हे सांगायला हवं. काका मुंबईला गेले तेव्हा म्हातारे आईबाप, भाताचं खाचर, डोंगरउतारावरची वरकस जमीन, सगळं अण्णांच्या गळ्यात पडलं. ते त्यांनी निभावलं. तक्रार कधी केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, कारण मग ती काठीत शिरली नसती. हळूहळू त्यांच्या डोक्यात असं बसलं की माणसं दोन जातीची असतात. लांब काठीवाला एका जागी बसतो, जवळचं बघतो, घर धरून राहतो. आखूड काठीवाला लांब फेकतो आणि फेकलेल्याच्या मागं जातो. हे त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून इतक्या गंभीरपणे आम्हांला सांगितलं होतं की मला तेव्हा खरंच वाटलं. मी शाळेत जात होते, तरी वाटलं. शाळेचा एवढाच उपयोग होता.

आता तारी. माझी मोठी बहीण. दिसायला उजवी, हाताला चलाख, बोलायला कमी. ती लग्नाची झाली तेव्हा अण्णांनी ठरवलं की जावई लांब काठीचा हवा, म्हणजे पोरगी जवळ राहील आणि म्हातारपणी कुणीतरी ओटीवर येऊन बसेल. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटायचं आपण फार खोल माणूस आहोत. मुलगा बघायला आला, बोलणी झाली, खाणं झालं की अण्णा म्हणायचे, "चला, जरा नदी दावतो." कोंडीजवळच्या कातळावर दोन्ही काठ्या आधीच नेऊन ठेवलेल्या असायच्या, त्यांची स्वतःची आणि काकांनी घरी ठेवलेली. "काय, कुठली घ्याल?" असं सहज विचारल्यासारखं विचारायचं. पहिला मुलगा मुंबईत नोकरीला होता, त्यानं आनंदानं रीळवाली उचलली आणि कर्र कर्र करून दाखवलं. दुसरा तुडीलचा. तिकडे खाडी, तिकडची माणसं भरतीचं पाणी बघून वागणारी. तो म्हणाला, "काठी कशाला व्हवी? आमी हातानंच दोर टाकतो." अण्णांनी दोघांनाही पानसुपारी दिली आणि मागाहून निरोप धाडला की पत्रिका जुळत नाही. आमच्या घरात पत्रिका कुणाची नव्हती.

आईला यातलं सगळं कळलं होतं. बाईमाणसाला घरातलं सगळं कळतं आणि विचारत कुणी नाही. तिसरं स्थळ पोलादपूरचं आलं. मुलगा तिथंच प्राथमिक शाळेत मास्तर. आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो, अजूनही म्हणते. बारीक अंगाचा, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. आईनं घावणे केले होते आणि नारळाचा गोड रस. त्याचं खाणं चाललं होतं आणि नेमकी तेव्हाच अण्णांनी काठी बाहेर काढायला घेतली. मी शेंडा धरून अंगणात, अण्णा बुडखा धरून आत. सगळे सवयीनं वाकले. गुरुजींना सवय नव्हती, काठी टोपीला लागली आणि टोपी रसात पडली. त्यांच्याबरोबर आलेले त्यांचे चुलते लालेलाल झाले. गुरुजी मात्र हसले. टोपी उचलली, झटकली, आणि तारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती तिला म्हणाले, "तुमच्याकडे जेवायचं तर वाकायला शिकलं पाहिजे." तारी आत आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. "हसला गो तो," मला म्हणाली. "दुसरा असता तं रुसला असता. मला ह्योच पायजे." तारीनं काही पाहिजे म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आईनंही ऐकलं.

म्हणून आईनं ते केलं. गुरुजी मागल्या दारी हात धुवायला आले तेव्हा पाणी घालता घालता ती मान वर न करता पुटपुटली, "नदीवर इचारतील. लांब म्हना." गुरुजींनी मान हलवली. हुशार माणूस, शिकवलेलं लक्षात ठेवणारा. चूक ती तिथंच झाली. आई म्हणत होती काठीबद्दल. आणि अण्णांनी, आपल्या परीक्षेचा बोभाटा झाला असावा असा संशय येऊन, त्या दिवशी प्रश्नच बदलला होता.

तारी आणि मी कपड्यांची बादली घेऊन आधीच कातळाच्या खालच्या अंगाला जाऊन बसलो होतो. धुतलेलेच कपडे पुन्हा धूत होतो. अण्णा, गुरुजी आणि चुलते वर आले. दोन्ही काठ्या तिथं होत्या, पण अण्णांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोंडीकडे बोट करून म्हणाले, "गुरुजी, समजा बसलात हितं गळ घेऊन. तं टाकाल कुठं? जवळ का लांब?" गुरुजींनी जराही वेळ लावला नाही. "लांब," म्हणाले. आणि अण्णांचा चेहरा पाहून त्यांना वाटलं उत्तर कमी पडलं, म्हणून आणखी जोर लावला. "जेवढा जाईल तेवढा लांब."

तारीच्या हातातलं लुगडं पाण्याबरोबर सुटलं. मी धावत जाऊन ते पुढच्या दगडावरून काढलं. वळून बघितलं तर अण्णा पानाचा डबा उघडत होते, म्हणजे काम संपलं होतं. लांब काठी धरणारा माणूस गळ जवळ टाकतो, लांब म्हणणारा तो आखूड काठीचा, हा अण्णांचा हिशेब. पोलादपूर आमच्या अंगणातून एसटीनं किती वेळ? भाजी शिजायच्या आत माणूस जाऊन येतो. सरकारी शाळा, कायमची नोकरी, घर सोडून कुठं जायचं नाही. अख्ख्या तालुक्यात याहून जवळ राहणारा जावई सापडला नसता. त्याला अण्णांनी लांब या एका शब्दासाठी घालवला, कारण त्यांना माणूस बघायचा नव्हता, उत्तर बघायचं होतं. मी आज सत्तरीला आले. कशेडीला बोगदा झाला, घाट चढायची गरज राहिली नाही, दरडी कोसळल्या तरी बातमी फोनवर आधी येते. पण अशा खोल माणसांची पैदास काही कमी झालेली नाही. पुढं तारीला दिली ती घाटावर, पार साताऱ्याच्या पलीकडे, आणि त्या वेळी नदीवर कुणालाही नेलं नाही.

गुरुजींच्या घरी तोच पत्रिकेचा निरोप धाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढं बसून रडली आणि तारीला सारं सांगितलं. "मीच म्हनले गो त्याला. मला वाटलं काठी इचारतील." तारी उठली, आढ्याजवळचा कोयता घेतला, मला म्हणाली, "शेंडा धर." मी नेहमीसारखा शेंडा धरून अंगणात उलटी चालत गेले. काठी बाहेर आली. तारीनं ती ओंडक्यावर टाकली आणि काकांच्या फायबरच्या काठीशी मोजून मोजून तिचे तुकडे केले. चिवारी भरीव असते, सहज तुटत नाही. तिचा पदर सुटला, हाताला फोड आला, पण ती थांबली नाही. तुकडे तिनं एकाशेजारी एक ओटीवर मांडून ठेवले.

अण्णा गोठ्यातून आले. त्यांनी ओटी बघितली आणि तिथंच उभे राहिले. "कोनी क्येलं?" आवाज एवढा खाली की मला आधी ऐकूच आलं नाही. तारी कोयता हातात घेऊनच पुढं झाली. "मी. आता सगल्या सारक्याच हायत. आता आनाल त्याला इचारा काय इचारायचं ते." अण्णा तिला मारतील असं वाटलं. त्यांनी मारलं नाही. खाली बसले आणि त्यातले दोन तुकडे उचलून एकमेकांना जोडून बघू लागले. लहान मूल बघतं तसं. मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. तेवढ्यात आतून आई आली. जन्मात नवऱ्यासमोर उंबरा न ओलांडलेली बाई, ओटीवर येऊन उभी राहिली. "त्याला लांब म्हनायला मी शिकवलं होतं," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्याच्या मनात काय लांब नव्हतं. वर्षानुवर्षं तुमी काठीवरनं मानसं मापलीत. आता पायानं जावा आनि इचारून या."

अण्णा गेले. धुतलेली टोपी घातली, पिशवीत वालाच्या शेंगा घेतल्या आणि एसटीनं पोलादपूरला गेले. परत आले तेव्हा दुपार कलली होती आणि शेंगा पिशवीत तशाच होत्या. कुणी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, भिंतीकडे बघत. गुरुजींच्या चुलत्यांनी त्यांना घरात घेतलं नाही, पायरीवरच उभं ठेवलं. म्हणाले, आमचा मुलगा शाळेत पोरांच्या परीक्षा घेतो, त्याची परीक्षा घेणारे तुम्ही कोण लागून गेलात? सोयरीक माणसांशी करतात, तुम्ही माशांत करा. अण्णांनी हात जोडले होते. गुरुजी आत होते, आवाज ऐकू येत होता, पण बाहेर आले नाहीत. "मी तरी आलो असतो का," अण्णा म्हणाले. त्यांनी इतकं सरळ वाक्य बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

ते हातपाय धुऊन आले आणि ताटावर बसले. तारी चुलीशी भाकऱ्या भाजत होती, माझ्याकडे पाठ. अण्णांनी ताटाला हात लावला नाही. तिच्याकडे बघत म्हणाले, "तारे, तुला तो पसंद होता काय गो?"

घरात इतकं बोलणं झालं होतं, लांबीचं, आखुडाचं, जवळचं, मुंबईचं, आणि हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

तारीनं भाकरी पलटली. "होता," ती म्हणाली. "पन आता ते पोलादपूरला रायलं, अण्णा." मग ती वळली, भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि तव्यावर दुसरी टाकली.